तुम्ही विचारलंत म्हणून: घरची रिळं गल्लीला का दाखवता?

भाऊबीजेच्या संध्याकाळी आम्ही वडिलांनी काढलेली घरची जुनी फिल्मची रिळं गल्लीत पडद्यावर दाखवतो, म्हणून दिवाळी जवळ आली की हा प्रश्न येतोच. "अहो, घरातली बारशी-मुंजी घरच्यांनी बघायच्या. अख्ख्या गल्लीला बसवून कशाला दाखवता?" विचारणारे आपुलकीनं विचारतात, म्हणून सरळ सांगतो. त्या रिळांत आमच्या घरापेक्षा गल्लीच जास्त आहे.

त्याला कारणही तसंच आहे. वडिलांकडे सुपर-एट कॅमेरा होता. कोडॅकनं १९६५ साली बाजारात आणलेला, आठ मिलिमीटर रुंद फिल्मवर चालणारा हा प्रकार. पन्नास फुटांचं रीळ, सेकंदाला १८ फ्रेमच्या वेगानं चालवलं तर ३ मिनिटं २० सेकंदांत संपतं. आमच्या रिळांना आवाज नाही. शिवाय त्या फिल्मला उजेड भरपूर लागायचा, घरातल्या बल्बवर भागत नसे. मग बारसं असो की मुंज, वडील सगळ्यांना रस्त्यावर उन्हात आणून उभं करायचे. सोलापुरात उन्हाला काय तोटा! त्यामुळे झालं असं की पुढं आमची माणसं आणि मागं पूर्व भागातली, तेलुगू विणकरांच्या वस्तीतली, ती सगळी गल्ली: मागाचं घर, बांबूवर वाळत घातलेल्या रंगीत सुताच्या लडी, ओट्यावर बसलेल्या बायका, लांबवर धूर सोडणारं गिरणीचं धुराडं.

एका रिळात माझी आत्या बाळाला घेऊन उभी आहे. तिच्या मागं एक माणूस सुताच्या लडी खांद्यावर टाकून डावीकडून उजवीकडे जातो. मधेच थांबतो, कॅमेऱ्याकडे बघतो, हातानं 'काय चाललंय?' असं विचारतो आणि निघून जातो. सात-आठ सेकंदांचा ऐवज. आम्ही घरात तो भाग कितीदा तरी पाहिला होता, पण बघायचो आत्याकडे. पहिल्यांदा गल्लीत पडदा लावला तेव्हा समोरच्या घरातला मुलगा ओरडला, "थांबा, थांबा! हे आमचे आप्पा की ओ!" त्यांच्या घरी आप्पांचा एकच फोटो, भिंतीवरचा, हार घातलेला. ते चालताना कसे दिसायचे हे नातवंडांना ठाऊकच नव्हतं. तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावायला सांगितला त्यांनी. त्यांची अव्वा, म्हणजे आजी, तेलुगूत काहीतरी सांगत होती, सून रडत होती, आणि धाकटी नात आप्पांसारखा हात करून दाखवत होती. आता सांगा, हे रीळ एकट्या आमचं कसं?

गड्ड्याच्या यात्रेचं, म्हणजे संक्रांतीच्या वेळच्या सोलापूरच्या यात्रेचं, रीळ तर सगळ्यांचंच. सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, त्या उंच काठ्या तोलत चाललेली मिरवणूक. आवाज नसला तरी अडत नाही. काठ्या पडद्यावर आल्या की बसलेली माणसंच "बोला एकदा भक्तलिंग हर्र" म्हणतात, आणि कुणी तेलुगूत, कुणी कन्नडमध्ये, कुणी मराठीत 'तो कोण, हा कोण' सुरू करतं. पार्श्वसंगीत घालून द्या असं काहीजण सुचवतात. मी घालत नाही, कारण गाणं वाजायला लागलं की माणसं गप्प बसतात, आणि मला त्यांचं बोलणंच हवं असतं.

भाऊबीजेची संध्याकाळच का, हेही विचारता. त्या दिवशी माहेरवाशिणी आलेल्या असतात. पुण्याला नोकरीला गेलेली पोरंही असतात, पण चेहरे ओळखण्यात या बायकांचा हात कुणी धरणार नाही. ज्या गल्लीतून त्या लग्न होऊन गेल्या, ती त्यांच्या डोक्यात अजून तशीच आहे. कोणाच्या दाराला कोणता रंग होता तेही सांगतात. ती सगळी नावं माझी पुतणी वहीत उतरवून घेते.

एक पथ्य मात्र आम्ही पाळतो. ज्या घरची माणसं रिळात आहेत, त्यांना आधी दाखवून विचारतो. एका घरानं त्यांच्या थोरल्या मुलीचं दृश्य नको म्हटलं. का, ते विचारलं नाही. तेवढा भाग वगळला. मोबाइलच्या ग्रुपवर तर काहीच टाकत नाही. बघायचं तर येऊन, सोबत बसून.

आता ज्यांच्या माळ्यावर रिळं पडून आहेत त्यांच्यासाठी. डबा उघडून आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर फिल्मचा ॲसिटेटचा पाया कुजायला लागलाय. त्यातून निघणारं आम्लच ती कूज आणखी वाढवतं. तो डबा लगेच बाकीच्यांपासून वेगळा करा. पत्र्याखालच्या माळ्यावर, सोलापूरच्या मे महिन्यात, फिल्म ठेवणं म्हणजे तिला भट्टीत ठेवणं. खाली आणा, घरातल्या सगळ्यांत गार, कोरड्या कपाटात ठेवा. आणि हौसेनं जुन्या प्रोजेक्टरवर लावू नका. आकसलेली फिल्म दात्यांत अडकून फाटते, अडकून थांबली तर दिव्याच्या उष्णतेनं फ्रेम जळते. एकेक फ्रेम स्कॅन करून देणाऱ्याकडून प्रत करून घ्या, पडद्यावर तीच दाखवा. मूळ रीळ मात्र प्रत झाली म्हणून टाकून देऊ नका.

गड्ड्याच्या रिळात काठीच्या उजव्या बाजूला फेटा बांधलेला, कडेवर लहान मुलगी घेतलेला एक माणूस आहे. त्याला अजून कुणी ओळखलेलं नाही. तुमच्या घरातलं कुणी त्या काळी पूर्व भागात राहायला असेल, तर यंदा भाऊबीजेला त्यांना घेऊन या. खुर्ची ठेवतो.