मॅडीच्या चिठ्ठीत काय असायला हवं होतं?

माझ्या सहावीच्या वर्गात लातूरकडून आलेला एक मुलगा आहे. वडील पुण्यातल्या सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीत वॉचमन. जूनमध्ये त्यानं शेजारच्याला सहज "काय करलालास?" (त्यांच्याकडच्या बोलीत 'काय करतोयस?') विचारलं आणि तेव्हापासून तो दारातून आत आला की मागच्या बाकांवरून "करलालास का?" सुरू. मारामारी नाही, शिवीगाळ नाही, त्यामुळे तक्रारपेटीत टाकण्यासारखं यात काही आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. रागावलं की माझ्यादेखत थांबायचं, इतकंच.

ऑगस्टमध्ये गणिताचे सर रजेवर होते. त्यांच्या तासाला मी एलिनॉर एस्टिस यांची 'द हंड्रेड ड्रेसेस' मराठीतून सांगायला घेतली. मूळ पुस्तक १९४४ सालचं, अमेरिकेतलं. एनसीईआरटीच्या दहावीच्या इंग्रजी पुस्तकात ही गोष्ट बरीच वर्षं होती. पोलिश कुटुंबातली वांडा रोज एकच विटका निळा फ्रॉक घालून येते आणि सांगते, माझ्या कपाटात शंभर ड्रेस आहेत. पेगी रोज तिला त्यावरून छेडते. पेगीची मैत्रीण मॅडी गप्प उभी असते. मॅडीचेही कपडे दुसऱ्यांनी दिलेले. बोललो तर पुढचा नंबर आपला, ही धास्ती. 'वांडाला चिडवणं बंद कर' अशी चिठ्ठी ती पेगीला लिहायला घेते आणि फाडून टाकते.

मी तिथंच थांबले. वर्ग पेगीवर तुटून पडला. तिला शाळेतून काढा, तिच्या आईबाबांना बोलवा. दोषी सापडला की मुलांना हायसं वाटतं, मोठ्यांनाही वाटतंच म्हणा.

म्हटलं, पेगीला राहू द्या. मॅडीच्या चिठ्ठीत एकच वाक्य लिहा, पण उद्या मधल्या सुट्टीत तोंडानं म्हणता येईल असं.

पहिल्या फेरीत 'सर्व माणसे समान आहेत', 'कोणालाही चिडवू नये' अशी वाक्यं आली. "मॅडी डबा खाताना पेगीला असं म्हणेल का रे?" विचारलं, तर वर्ग खोखो हसला. दुसऱ्या फेरीत माल बरा निघाला. 'पेगी, बास ना, बोअर झालं आता.' 'चल, लंगडी खेळू.' एकीनं पेगीला सोडून वांडालाच लिहिलं होतं, 'आमच्यात ये ना डबा खायला.' यात पेगीशी बोलावंच लागत नाही, म्हणून हे सगळ्यात सोपं, असं तिचं म्हणणं. मला ते फार आवडलं.

"पण बाई, पेगीनं कट्टी केली तर?" एकानं विचारलं.

"करेलही," मी म्हटलं. उगाच खोटा धीर कशाला द्यायचा?

लातूरच्या मुलाचं नाव मी तासभर काढलं नाही. काढलं असतं तर सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या असत्या आणि तो पुन्हा तमाशाचा विषय झाला असता. गोष्टीचा हाच फायदा, की बोलायचं असतं वांडाबद्दल.

संध्याकाळी स्टाफरूममध्ये चिठ्ठ्या चाळताना एक हाती आली. मागच्या बाकावरच्या, मोठ्यानं हसणाऱ्या मुलाची. त्यात मॅडी नव्हतीच. 'माझी आजी पण करलालास म्हणते. ती शाळेत आली तर मला पण चिडवतील म्हणून मी हसतो.' ही चिठ्ठी मी वर्गात वाचली नाही. त्याला एकट्याला गाठून आजीचं गाव तेवढं विचारलं. निलंगा. लातूरकडचंच.

दुसऱ्या दिवशी उरलेली गोष्ट सांगितली. वांडाचे शंभर ड्रेस म्हणजे तिनं काढलेली चित्रं. चित्रस्पर्धेत ती जिंकते, पण तोवर तिचं कुटुंब गाव सोडून गेलेलं असतं. मॅडीला बोलायचं असतं, पण समोर वांडाच नाही. यावर मुलं बराच वेळ काही बोलली नाहीत, मग एकदम सगळीच बोलायला लागली.

पुढच्या आठवड्यात जिन्यात पुन्हा "करलालास" ऐकू आलं. निलंग्याच्या आजीचा नातू म्हणाला, "बास ना, बोअर झालं." वाक्य उसनं, आवाज जरा चिरकलेला. बाकीचे ग्राउंडवर पळाले. दोघं मात्र अजून ऐकत नाहीत. त्यांच्या पालकांना शनिवारी बोलावलंय.