वाळवण

एप्रिलात आमच्या गच्चीवर एकाच बाजेवर दोन वाळवणं असतात. उशाकडं आईच्या कुरडया, पायथ्याकडं माझे, गाडीच्या इंजिनातून काढून डिझेलात धुतलेले व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा. परभणीचं ऊन दोघांना सारखंच लागतं. पूर्वी रेशनचं रॉकेल मिळायचं, आता डिझेलवर भागवायचं. वास दोन दिवस हाताला राहतो आणि जेवताना घरची मंडळी जरा सरकून बसतात.

गाडी म्हणजे वडिलांची प्रीमियर पद्मिनी. घरात तिला अजून फियाटच म्हणतात. 1089 सीसी, चार सिलिंडर. नव्या गाडीचं बॉनेट उघडलं की प्लास्टिकचं झाकण दिसतं. हिचं उघडलं की कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, प्लग, सगळे ओळखीचे, आणि मधे पाना फिरवायला जागा. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं व्हॉल्व्ह बसतात ते झाकण, उतरवायला एक सकाळ लागली. त्यावरचा कार्बन काढण्यात चार दिवस गेले, कारण हेड अ‍ॅल्युमिनियमचं. उलथनं लावलं की ओरखडा! शेवटी बांबूची कामटी कामाला आली.

पण खरी मजा व्हॉल्व्ह घासण्यात. व्हॉल्व्ह हेडमधल्या त्याच्या सीटवर, म्हणजे बैठकीवर ठेवायचा, कडेला बोटभर ग्राइंडिंग पेस्ट, डोक्याला रबरी वाटीची काठी, आणि ती दोन तळव्यांत रवीसारखी फिरवायची. आधी खर्र खर्र, दात शिवशिवतात. हळूहळू आवाज मऊ पडतो. मग पुसून बघायचं. कडेनं राखाडी पट्टी अखंड उमटली तर जिंकलो, कुठं तुटली तर पुन्हा पेस्ट. असे आठ. या कामात माझी दुपारची झोप कधी सुटली, कळलंही नाही.

घासलेला व्हॉल्व्ह ज्याच्या त्याच्या सीटवरच बसवावा लागतो, म्हणून ते ओळीनं मांडलेले. एका संध्याकाळी वळीव आला. आई धावली आणि कुरडयांसोबत माझं लोखंडही एकाच पाटीत ओढून खाली आली.

"गंजलं असतं ना रे!"

यावर काय बोलणार?

ओळ मोडली, कोणता कुठला ते कळेना. पाटी नि हेड घेऊन जिंतूर रोडवरच्या मिस्त्रीचाचांकडं गेलो. व्हॉल्व्हच्या कडेवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा मारायच्या, सीटवर ठेवून जरा फिरवायचा. सगळ्या रेघा पुसल्या तर जोडा जमला. "बनी तो बनी, नहीं तो परभणी," म्हणत चाचांनी पेन्सिल माझ्याच हातात दिली. सहा जमले. दोन पहिल्यापासून घासले, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं वाईट वाटलं नाही.

गाडी अजून धड सुरू नाही. 1-3-4-2 हा फायरिंगचा, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम पाढ्यासारखा पाठ असून प्लगच्या वायरी दोनदा चुकल्या. बघू, घाई कुणाला आहे?

आखितीला आमरसासोबत कुरडया तळल्या. त्या पाटीतल्या आईनं वेगळ्या डब्यात ठेवल्या होत्या. त्या सगळ्या माझ्याच ताटात आल्या.