भेगेत गेलेली चावी

मागच्या मे महिन्यात माझ्या स्कुटीची चावी जमिनीनं गिळली. खरंच गिळली. आमच्या लातूरच्या कॉलनीत एक ओपन स्पेस आहे, तिथं बारा-चौदा घरांनी मिळून भाजीची बाग केलीय. बाग म्हणायचं आपलं, प्रत्येकाला दहा बाय चारचा एक वाफा, मधे शेवगा, कोपऱ्यात लिंबाचं जुनं झाड (तुमच्याकडं कडुनिंब म्हणत असतील, आमच्याकडं लिंब म्हणजे तोच, आंबट असतं ते लिंबू), झालं. तर संध्याकाळी झारी घेऊन वाकलो आणि शर्टाच्या वरच्या खिशातनं चावी सटकली ती सरळ भेगेत. आवाजसुद्धा नाही आला. मोबाईलचा टॉर्च मारून बघितलं, आत नुसता अंधार. मग एक तुराटी घातली, ती हातभर आत गेली तरी तळ लागंना.

शेजारच्या वाफ्यावर औसा तालुक्यातल्या एक मावशी असतात. लेक-सून नोकरीवर, नातू इथल्या कोचिंगमधे, म्हणून गाव सोडून आलेल्या. त्यांनी माझी कसरत बराच वेळ बघून घेतली आणि मग विचारलं, "काय हुडकलालाव सर?"

"चावी पडली आत."

"मग जाऊ द्या आता. मिरग पडला की तोंड मिटतंय तिचं. दिली तर देईल माघारी एखाद्या साली."

मला तेव्हा हसू आलं, पण बाई चुकीचं बोलत नव्हत्या. काळ्या मातीचं असंच असतं, पाणी मिळालं की फुगते, वाळली की आकसते आणि आकसली की फाटते. उन्हाळाभर वरचा भुगा त्या भेगांत पडत राहतो, मग पाऊस झाला की सगळी माती फुगायला लागते पण खाली त्या भुग्यानं जागा अडवलेली, मग ती जाणार कुठं, वरच ढकलली जाते. म्हणजे खालचं वर, वरचं खाली, बैल नाही ट्रॅक्टर नाही, स्वतःच स्वतःची नांगरट. लहानपणी गावाकडं उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही असल्या भेगांवरून उड्या मारत फिरायचो, वाकून आत काय चाललंय ते कधी बघितलं नाही. त्यासाठी शहरात यावं लागलं आणि चावी घालवावी लागली.

त्याच उन्हाळ्यात मी अजून एक पराक्रम केला होता. लातूरकराला पाण्याबद्दल शिकवायची गरज नाही असं मला वाटायचं. एप्रिल 2016 मधे मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला 10 वॅगन, सगळं मिळून साधारण 5 लाख लिटर, आणि त्याच्या आधी मार्चमधे पाण्याच्या टाक्यांजवळ 144 कलम लागलेलं. आमच्या छतावरच्या टाकीला मी स्वतः कुलूप घातलं होतं. त्यानंतर घरात थेंब सांडला तरी जीव तुटतो. आता आमच्याकडं घरोघरी आरओ, बोअरचं पाणी जड, आणि ते मशीन एक लिटर गोडं पाणी द्यायला दोन-तीन लिटर मोरीत सोडून देतं. मी ग्रुपवर लंबाचौडा मेसेज टाकला की हे पाणी बागेला घाला. लोकांनी अंगठे दिले, चार-पाच घरांनी बादल्याही आणल्या, मला तर सत्कार होणार असं वाटायला लागलं.

दीड महिन्यात माझ्या मेथीच्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या झाल्या. वाफ्यावर पांढरट थर आला, पापडखार भुरभुरल्यावाणी. बोट लावून चाखलं तर खारट. बरोबरच आहे की, मशीन गोडं पाणी वेगळं काढतं म्हणजे त्यातला सगळा खार उरलेल्या पाण्यात जातो, आणि ते पाणी उन्हानं उडून गेलं की खार राहतो मातीत. एवढं मला, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला, कळायला पाहिजे होतं. मावशींनी आधीपासूनच नकार दिलेला, त्या आपलं भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी घालायच्या. माझा वाफा बघून म्हणाल्या, "मिठाचं पाणी पाजलालाव व्हय लेकराला?" ग्रुपवर माघार घेणारा मेसेज टाकायला मला चार दिवस लागले, त्याला एकही अंगठा आला नाही.

7 जूनच्या आसपास मृग लागतो, त्या वर्षी पाऊस थोडा मागंपुढं झाला पण झाला दणकून. दुसऱ्या दिवशी सकाळी चप्पल काढून बागेत गेलो तर भेगा गायब, पायाला दोन-दोन किलो चिखल, आणि मावशींच्या वाफ्यात मिरगाचे किडे. लाल मखमलीचे, पोलक्याची कापडी गुंडी कुणी सांडल्यासारखे. एक हातावर घेतला, त्यानं पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग केलं, मी श्वास धरून थांबलो तेव्हा कुठं हळूच निघाला. माझ्या वाफ्यात एकही नव्हता. आरओमुळंच असं मी म्हणत नाही, पण मावशींनी माझ्याकडं बघितलं.

पावसानं खार बराच धुऊन नेला. श्रावणात मी गवत समजून जे उपटत होतो ते मावशी ओट्यात गोळा करत होत्या, घोळ, तांदुळजा, कुर्डू, आणि संध्याकाळी डब्यात माझ्याच वाफ्याची भाजी मला आणून द्यायच्या.

मग येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, शेताची पूजा करायचा आमच्याकडचा सण. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर म्हणजे ओस, सगळे शेतात. ज्यांना शेत उरलं नाही असे आम्ही पाच-सहा घरं बागेत जमलो, पाच पेंढ्या कडबा आणून कंबरेएवढी कोप, म्हणजे खोपटं, केली. पांडव मांडायला दगड मिळंनात, शेवटी रस्त्याच्या कामातले पेव्हर ब्लॉकचे तुकडे चुना लावून बसवले, त्यातला भीम षटकोनी होता. भज्जी, उंडे, खीर, मडक्यात आंबील. "ओलगे ओलगे" करत मावशींनी बारा-चौदा वाफ्यांना फेरी मारून आंबील शिंपडलं, सगळं शिवार मिळून दीड मिनिटात संपलं. शेवटी हातातल्या भांड्यात थोडं उरलं ते त्यांनी खाली वाकून जरा जास्तच वेळ ओतलं, आणि कुणी काही बोललं नाही.

यंदा एप्रिलमधे भेगा परत पडल्या. जुन्या जागी नाहीत, वीतभर इकडं-तिकडं. मावशी खुरपत होत्या, खुरप्याला काहीतरी खट्ट लागलं. पदराला पुसून हातावर ठेवलं, गंजलेली, किचेनमधला गणपती मात्र शाबूत.

"घ्या. दिली बगा माघारी."

मी म्हटलं, मावशी, स्कुटी दिवाळीतच विकली, दुसरी चावी नाही म्हणून घेणाऱ्यानं पाचशे रुपये कापले वर. मग आता काय उपयोग म्हणून चावी परत भेगेत टाकायला वाकलो तर त्यांनी हात धरला.

"टाकू नगा, ठिवा. पुढल्या साली स्कुटीबी देईल ती."