काकांची हेलिओस आणि दादरचा झेंडू

गिरगावातली काकांची खोली आवरताना लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात त्यांचा झेनिट-ई हा रशियन कॅमेरा सापडला. तपकिरी चामड्याची केस, पट्टा तुटलेला, आणि कॅमेऱ्याच्या दर्शनी भागावर १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकचं चिन्ह. त्या ऑलिम्पिकमध्ये आपण हॉकीचं सुवर्ण जिंकलं होतं, आणि काका हॉकीवेडे. त्यामुळे या कॅमेऱ्याला आम्हा पोरांना हात लावायची परवानगी नव्हती.

शटर कायमचं अडकलं होतं. पण पुढे लावलेली हेलिओस ४४-२ ही ५८ मिमीची लेन्स अंगाने धडधाकट होती. दुसऱ्या महायुद्धानंतर रशियनांनी जर्मनीतल्या कार्ल झाइसच्या बायोटार लेन्सच्या आराखड्यावरून हिची घडण केली. चार गटांत सहा काचा, एफ/२ चं, म्हणजे भरपूर प्रकाश आत घेणारं तोंड, आणि तो कमी-जास्त करणारं आठ पात्यांचं छिद्र. उजेडाकडे धरून पाहिली तर मागच्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली.

मुंबईत जुनी लेन्स वापरायची तर बुरशीशी गाठ ठरलेलीच. जुलैत हवेतला दमटपणा ऐंशी टक्क्यांच्या वर असतो आणि चामड्याची केस तो धरून ठेवते. काकांनी जपून केसमध्ये ठेवली, तिथेच ती सडायला लागली. सीएसएमटीजवळच्या बोरा बाजारातल्या पहिल्या दुकानदाराने लेन्स हातातही न घेता परत केली. दुसरीकडे एक वयस्कर कारागीर भेटले. त्यांनी बुरशी काढली, फोकसच्या आट्यांमधलं सुकून चिकट झालेलं ग्रीस धुऊन नवं भरलं, आणि बजावलं, “काचेवरच्या कोटिंगवर डाग राहिलाय, तो जाणार नाही. फोटोत दिसणार नाही, पण पुन्हा केसमध्ये ठेवू नका.”

आता ती हवाबंद डब्यात असते. सोबत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये राहिला की मला झोप लागते. जेलचा रंग बदलला की ते कढईत परतून पुन्हा कोरडं करते. ती कढई वेगळी ठेवली आहे, स्वयंपाकात येत नाही.

माझ्याकडे सेकंडहँड फुल फ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेला, सोनी कॅमेरा आहे. रशियन लेन्स जपानी कॅमेऱ्यावर बसते कशी, असं ऑफिसात सगळे विचारतात. जुन्या कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्मच्या मध्ये आरसा होता, म्हणून लेन्स फिल्मपासून साडेपंचेचाळीस मिलिमीटरवर बसायची. सोनीत आरसाच नाही, तिथे हे अंतर १८ मिलिमीटर. मधले साडेसत्तावीस मिलिमीटर भरून काढणारं धातूचं कडं लावायचं, एवढंच. त्यात काच नसते. एका बाजूला ४२ मिमीचे आटे, दुसऱ्या बाजूला सोनीची खाच.

कॅमेऱ्याला मात्र लेन्स लावल्याचं कळतच नाही. मेन्यूत जाऊन ‘लेन्स नसली तरी शटर चालू दे’ हे आधी सांगावं लागतं. हात हलल्याचं सावरणाऱ्या यंत्रणेलाही लेन्सची फोकल लांबी, म्हणजे ते ५८ मिमी, आपणच भरून द्यायची. फोकस हाताने. कडांवर रंग चढवून दाखवणारं पीकिंग मी सुरुवातीला वापरलं. एफ/२ ला ते भलतंच खरं सांगितल्याचा आव आणतं, डोळ्याऐवजी भुवईवर फोकस बसतो. आता मी चित्र मोठं करूनच बघते. वेळ लागतो. लागू दे.

ही लेन्स मला खरी समजली ती दादरच्या फुलबाजारात. पहाटे साडेपाचला तिथे झेंडूचे ढीग, शेवंती, गजरे आणि प्रत्येक गाळ्यावर टांगलेला दिवा. हेलिओसची ओळख म्हणजे मागची पार्श्वभूमी गोल फिरल्यासारखी दिसणं. कडेकडून येणारा प्रकाश लेन्सच्या नळीत अर्धवट कापला जातो, त्यामुळे कोपऱ्यांतले प्रकाशाचे गोळे मांजराच्या डोळ्यासारखे लांबट होतात आणि मधल्या माणसाभोवती रांगेने उभे राहतात. पण ते कुठेही होत नाही. कोऱ्या भिंतीपुढे काहीच होत नाही. माणूस एक-दीड मीटरवर, त्याच्या मागे चार-पाच मीटरवर काहीतरी बारीक आणि दाट हवं. झेंडूच्या ढिगापेक्षा दाट काय असणार! मैत्रिणीच्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर हीच लेन्स लावली तेव्हा कडाच कापल्या गेल्या आणि भोवरा जवळपास गेला.

गाळ्यावरच्या एक मावशी वेण्या गुंफत होत्या. मी रिंग फिरवत बसले तर म्हणाल्या, “किती वेळ गं? दुसरी पोरं तर येतात, खटाखट काढतात आणि जातात.” तोवर त्यांची पाच-सहा फुलं ओवून झाली होती आणि मला त्यांच्या बोटांची लय कळली होती. सुई वर येते तेव्हा क्षणभर हात थांबतो. तो फोटो मला तिसऱ्या वेणीला मिळाला.

समोरून ऊन आलं की ही लेन्स सगळ्या चित्रावर दुधाळ पडदा टाकते, कारण तिचं कोटिंग आजच्यासारखं नाही. मी तळहाताने सावली धरते, कधी मुद्दाम धरत नाही. मात्र ‘जादुई’ म्हणत अशा लेन्सेस चढ्या भावाने विकतात ते मला पटत नाही. आधी लेन्स उजेडाकडे धरून आत बघा, मग पैसे द्या.

गेल्या रविवारी काकूंचा फोटो काढला. खोलीतल्या त्याच खिडकीत, जिथे काका त्यांना बसवायचे. हेलिओसला दोन रिंगा असतात, एकीवर छिद्राची मर्यादा आधी ठरवायची आणि दुसरीने ते उघडमीट करायचं. पहिली रिंग टक्‌टक्‌ वाजते. तो आवाज ऐकताच काकूंनी पदर सारखा केला आणि मान किंचित उजवीकडे वळवली. मी काही सांगितलं नव्हतं.

मी बटण दाबलं. माझ्या कॅमेऱ्याचं शटर आवाज करत नाही. झेनिटचं खटाक् आवाज करायचं. काकू श्वास रोखून तशाच बसून राहिल्या होत्या.

“काढलास का गं?”

“हो काकू, झाला.”

“वाजला नाही तो,” म्हणाल्या, आणि तरीही थोडा वेळ हलल्या नाहीत. मी आणखी एक काढला.