मागचं पाणी

आज्जी गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी आत्यानं माझ्या हातात एक फोटो ठेवला. "बाराव्याच्या आत फ्रेम व्हायला पाहिजे बग. मागचं पाणीबिणी सगळं काढून टाक गा. आबांच्यासारखं निळं कर."

मागचं पाणी म्हणजे गोकाकचा धबधबा. 1998 च्या पावसाळ्यात सगळं घरदार टेम्पोत घालून आम्ही गेलो होतो. घटप्रभा तिथं 170 फूट खाली कोसळते, आणि पावसाळ्यात तिचा रंग चहासारखा. पांढरं काय ते खालून उठणारं तुषारांचं धुकं. आज्जी कठड्याशी उभी. अंगावर इरकल, वाऱ्यानं पदर उडतोय, म्हणून एक हात डोक्यावर. तिचे एकटीचे फोटो दोनच: हा, आणि आधार कार्डावरचा. आधारवरच्या फोटोबद्दल न बोललेलं बरं.

गंमत म्हणजे पूर्वी स्टुडिओत जाऊन लोक पैसे देऊन रंगवलेल्या धबधब्यापुढं उभे राहायचे. इथं खरा होता, तो मी काढायला बसलो.

फोटोशॉप लिहिलं नोल आडनावाच्या दोन भावांनी, 1990 ला ते बाजारात आलं आणि लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवायचे थर, आले 1994 ला. मी शिकलो ते पेन टूलवर. माणसाच्या कडेकडेनं टिंब टाकत जायचं, शेताला बांध घालावा तसं. एका नवरीच्या केसांपायी माझी अख्खी दुपार गेलेली आहे. आता 'रिमूव्ह बॅकग्राउंड' असं बटणच आहे. दाबलं. चार-पाच सेकंदांत घटप्रभा गायब, आणि आज्जीच्या मागं करड्या-पांढऱ्या चौकड्या.

"हे चौकडीचं कापड कशाला लावलास?" आत्या म्हणाली.

ते कापड नाही, तिथं काहीच नाही याची ती खूण आहे, हे मी समजावून सांगितलं. तिला पटलं नाही. काहीच नाही तर मग चौकड्या कशाला, हा तिचा मुद्दा, आणि तो काही चुकीचा नाही.

मोठं करून बघितलं तर बटणानं घोळ घातलेला. इरकलीचा टोपपदर लाल, त्यात पांढरी नक्षी, कंगव्याच्या दातांसारखी. यंत्राला ती पांढरी नक्षी धबधब्याचा फेस वाटली. पदराला उंदरांनी कुरतडल्यागत भोकं. मग मास्क उघडून बसलो. मास्कमध्ये काही पुसलं जात नाही, नुसतं झाकलं जातं. काळा ब्रश फिरवला की झाकतं, पांढरा फिरवला की परत येतं. काळा म्हणजे 0, पांढरा 255, आणि मधले सगळे करडे अर्धेमुर्धे. पदराचा एकेक दात पांढऱ्यानं परत आणला. खरी कसरत कानावरच्या बटांची. ओल्या, पिंजारलेल्या, धुक्यात मिसळलेल्या. तिथं मधलाच करडा लावावा लागतो, कारण त्या जागेला धड केस म्हणता येत नाहीत, धड पाणीही नाही. त्यावरही कडेला चहाच्या रंगाची एक बारीक रेघ उरलीच. ती घालवायला रात्रीचे साडेअकरा झाले.

सकाळी निळा रंग टाकून आत्याला दाखवलं. काम झकास झालं होतं, माझं मीच म्हणतो. आत्या बराच वेळ बघत राहिली.

"डोकं दुखायलंय काय गा तिचं?"

मी बघितलं. वारं गेलं होतं ना! पदर आपला कशानं तरी आडवा उडालेला, आणि आज्जी निळ्या भिंतीपुढं कपाळाला हात लावून, रेशनच्या रांगेत नंबर आल्यावर साखर संपल्यासारखी. हात खाली घेता येतो का, असंही आत्यानं विचारून बघितलं. येतो, पण मग तो हात आज्जीचा राहत नाही.

"असू दे," आत्या म्हणाली. "आण जा ते पाणी परत."

शिफ्ट दाबून मास्कवर एक क्लिक केलं, मास्क बंद. धबधबा जिथल्या तिथं. रात्रीची सगळी मेहनत त्याच्याखाली.

खडेबाजारात फ्रेमवाल्यानं काच बसवायच्या आधी फोटो हात लांब करून बघितला, मान हलवली.

"धबधबा भारी बसवलास की," म्हणाला. "कुठनं डाउनलोड केलास?"