मोरपिसांचा ड्रेस

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

दिवसभर भरतकामाच्या फ्रेमवर वाकून मान आखडलीये पण झोप काही येत नाहीये, दुपारी चहा पिताना त्या पीकॉक ड्रेसचे फोटो बघत बसले आणि तेव्हापासून तोच डोक्यात आहे. व्हाइसरॉय कर्झनच्या बायकोने, मेरीने, १९०३ च्या दिल्ली दरबाराच्या वेळी लाल किल्ल्यातल्या बॉलला, म्हणजे नाचाच्या समारंभाला, घातलेला. आता इंग्लंडला, डर्बीशायरच्या केडल्स्टन हॉलमध्ये असतो. अंगभर मोरपिसं, एकावर एक चढवलेली, सगळी जरीच्या तारेची, आणि पिसाच्या डोळ्यात काय, तर भुंगेऱ्याचे हिरवेनिळे पंख! लोकांना ते पाचूच वाटायचे म्हणे. वजन साधारण साडेचार किलो. इथे मी नुसत्या बाह्या दबक्याने, म्हणजे जरीच्या वळलेल्या तारेने, भरल्या तरी नवरीमुलगी म्हणते, ताई जड होतंय, टोचतंय.

पण मला वजनापेक्षा जोड बघायचे होते. भरतकाम दिल्लीच्या कारागिरांनी कापडावर केलं, मग ते कापड गेलं पॅरिसला वर्थ या बड्या फॅशन हाउसकडे आणि ड्रेस तिथे शिवला. म्हणजे भरणारे इकडे, शिवणारे समुद्रापलीकडे, आणि तरी मी फोटो मोठा करकरून बघितला, पीस कुठे तुटलेलं दिसेना. वर्थचं नाव सगळे घेतात, ती पिसं ज्यांनी भरली त्यांचं कोण घेतं? खूप वाईट वाटलं खरं सांगायचं तर.

आणि इथे नाशिकमधल्या नाशिकमध्ये, पंचवटीतून सिडकोत टेलरकडे जाईपर्यंत माझ्या मोराची वाट लागते. मागच्या महिन्यात येवल्याच्या पैठणीवरचा ब्लाउज होता, पदरावरच्या मोरासारखाच मोर बाहीवर हवा होता, बटर पेपरला सुईने भोकं पाडून छाप घेतला, चार दिवस बसून भरला, दीड इंच मार्जिन सोडलं, खडूने खूणसुद्धा केली. शिवून आला तर मोराची चोच मुंढ्याच्या, म्हणजे खांद्याशी बाही जोडतात त्या, शिलाईत गेलेली! नवरी बिचारी काही बोलली नाही, मीच घरी येऊन रडले.

शुक्रवारी पुढचा ब्लाउज द्यायचाय, पाठीवर दोन मोर समोरासमोर आहेत, मधे हुकची पट्टी. यावेळी कापड पिशवीत घालून पाठवणार नाही, मी स्वतः जाणार आणि मशीनशेजारी बसून शिवून घेणार.