बॅकअपचा ड्राइव्ह सारखा तुटत होता : दोष सापडेपर्यंतचा माझा अनुभव

बॅकअपसाठी यूएसबीने जोडलेल्या माझ्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर मोठं फोल्डर कॉपी होत असताना वेग एकदम शून्यावर यायचा. मग संगणकातून डिव्हाइस काढल्यावर येतो तो आवाज, ड्राइव्हचं अक्षर यादीतून गायब, आणि काही सेकंदांनी पुन्हा जोडल्याचा आवाज. कधी काहीच चालू नसायचं. बऱ्याच वेळाने एखादी जुनी फाइल उघडायला जावं तर तेव्हाही हाच प्रकार. बॅकअपचं सॉफ्टवेअर बिचारं जागा सापडत नाही म्हणून थांबायचं आणि बॅकअप अर्धवट राहायचा. अर्धवट बॅकअपची मला जास्त धास्ती वाटते. बॅकअप मुळीच नसेल तर निदान आपण सावध असतो. अर्धवट असेल तर सगळं ठीक आहे असं समजून आपण निर्धास्त राहतो.

अशा वेळी इंटरनेटवर शोधलं की पहिला सल्ला हमखास मिळतो : चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासणीचं साधन) चालवा, दुरुस्त करा. मी ते मुद्दाम मागे ठेवलं. चेकडिस्क दुरुस्ती करताना ड्राइव्हवर लिहितं, आणि जो ड्राइव्ह मधेच निसटतोय त्याच्यावर काहीही लिहायला लावणं धोक्याचं. लिहिता लिहिता तुटला तर फाइल सिस्टिम, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याची मांडणी, आणखी बिघडते. संगणकावरच्या मूळ फाइल्स शाबूत होत्या, पण त्यांच्या जुन्या आवृत्त्या फक्त त्या ड्राइव्हवर होत्या. म्हणून आधी त्या दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचं ठरवलं. त्यासाठी विंडोजमधलं फाइल कॉपी करण्याचं साधन, रोबोकॉपी, वापरलं, कारण ते कुठे अडकलं ते नोंदवून ठेवतं आणि पुन्हा चालवल्यावर झालेल्या फाइल्स वगळून पुढे जातं. फक्त पुन्हा प्रयत्न करण्याची मर्यादा आपण घालून द्यावी लागते. नाहीतर मूळ सेटिंगप्रमाणे ते एकेका फाइलसाठी ३० सेकंदांच्या अंतराने तब्बल १० लाख वेळा प्रयत्न करत बसतं. ड्राइव्ह तुटत होता, परत येत होता, मी पुन्हा चालू करत होतो. वेळ गेला, पण सगळं निघालं, आणि मग पुढच्या तपासात हात मोकळा झाला.

त्यानंतर ड्राइव्हची प्रकृती पाहिली. हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या काही नोंदी स्वतःच ठेवते, त्यांना स्मार्ट म्हणतात. त्या वाचायला क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं मोफत सॉफ्टवेअर पुरतं. लिनक्सवर स्मार्टमॉनटूल्स आहे. काही एक्स्टर्नल केस या नोंदी बाहेर येऊच देत नाहीत, माझ्या ड्राइव्हने दिल्या. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये मूळ आकडे सुरुवातीला षोडशमान (१६ च्या पायाच्या) पद्धतीत दिसतात. ते मेनूतून दशमानात बदलून घेतले म्हणजे वाचायला सोपं जातं.

यातल्या दोन नोंदी आधी पाहायच्या. ५ क्रमांकाची नोंद सांगते की किती सेक्टर (डेटा साठवण्याचे छोटे कप्पे) खराब होऊन त्यांच्या जागी राखीव सेक्टर आले. १९७ क्रमांकाची सांगते की किती सेक्टर वाचता येत नाहीत म्हणून ताटकळत पडलेत. विशेषतः १९७ चा आकडा शून्याच्या वर असेल आणि वाढत असेल, तर बाकी सगळे प्रयोग थांबवून आधी डेटा काढायचा आणि ड्राइव्हला निवृत्त करायचं. माझ्याकडे दोन्ही शून्य होते. म्हणजे डेटा ज्यांवर साठवला जातो त्या डिस्कमधल्या तबकड्या बहुधा धड होत्या.

पुष्कळजण १९९ क्रमांकाकडेही बोट दाखवतात. ती डेटा वाहून नेताना झालेल्या चुकांची मोजणी असते, तेव्हा ती शून्य असेल तर केबल निर्दोष, असा निष्कर्ष काढला जातो. एक्स्टर्नल ड्राइव्हच्या बाबतीत तो टिकत नाही. ही मोजणी डिस्क आणि केसमधला ब्रिज (डिस्कची साटा जोडणी यूएसबीत बदलून देणारी चिप) यांच्यामधल्या जोडणीची आहे. ब्रिजपासून संगणकापर्यंत येणारी यूएसबी केबल त्या मोजणीच्या बाहेरच राहते. तिथे काहीही गोंधळ झाला तरी १९९ शून्यच राहणार. माझाही शून्यच होता, पण केबल मी संशयितांच्या यादीतून काढली नाही.

खरा धागा हाती लागला तो १९२ क्रमांकाच्या नोंदीत. पॉवर-ऑफ रिट्रॅक्ट काउंट असं तिचं नाव. डिस्कची वीज अचानक गेली की डेटा वाचणारं-लिहिणारं हेड घाईघाईने तबकडीवरून बाजूला घ्यावं लागतं, आणि असं किती वेळा घडलं ते इथे मोजलं जातं. मी आकडा लिहून ठेवला, मोठी कॉपी लावली आणि ड्राइव्ह तुटायची वाट पाहिली. तुटला. पुन्हा जोडला गेल्यावर पाहतो तर आकडा एकाने वाढलेला. परत तेच केलं, परत एकाने वाढला. संगणक आणि ड्राइव्ह यांच्यातला नुसता संवाद तुटला असता तर डिस्क फिरत राहिली असती आणि हा आकडा वाढायचं कारण नव्हतं. म्हणजे डिस्कची वीजच जात होती.

खात्रीसाठी पुढच्या वेळी कॉपी चालू असताना ड्राइव्हवर तळहात ठेवून बसलो. मोटरची बारीक, एकसारखी थरथर हाताला लागत होती. अचानक आतून एक 'टक्' असा आवाज आला, थरथर विरत गेली, ड्राइव्हवरचा दिवा विझला आणि क्षणभराने मोटर शून्यापासून पुन्हा गती घेऊ लागली. तुटल्याचा आवाज संगणकाने दिला तो या सगळ्यानंतर. हा एकच 'टक्' म्हणजे हेड जागेवर गेल्याचा आवाज. लागोपाठ टकटक येत राहिली असती तर तो यांत्रिक बिघाड ठरला असता आणि मी तिथेच वायर काढली असती.

विंडोजमधल्या घडामोडींच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअरही उघडून पाहिला. विंडोज लॉग्जमधल्या सिस्टिम विभागात प्रत्येक वेळेला १५७ क्रमांकाची नोंद होती, डिस्क अनपेक्षितपणे काढली गेली एवढंच सांगणारी. कारण ती सांगत नाही, पण अचूक वेळ सांगते, आणि त्या वेळेवरून मला एक गोष्ट लक्षात आली. कॉपीच्या वेळचं तुटणं आणि फाइल उघडतानाचं तुटणं मी तोवर दोन वेगळ्या तक्रारी धरून चाललो होतो. विंडोजच्या नेहमीच्या पॉवर प्लॅनमध्ये संगणक बॅटरीवर नसताना डिस्क २० मिनिटं रिकामी राहिली की तिला झोपवतात. माझा ड्राइव्ह झोपेत तुटत नव्हता. तो तुटत होता झोपेतून उठताना.

याचा उलगडा विजेच्या हिशेबात होतो. लॅपटॉपच्या आकाराची, म्हणजे अडीच इंची डिस्क फिरत असताना बेताची वीज घेते, पण थांबलेल्या तबकड्यांना गती द्यायला सुरुवातीचे काही क्षण बरीच जास्त लागते. अशा बऱ्याच डिस्कच्या लेबलवर ५ व्होल्ट आणि १ अँपिअरच्या आसपासचा आकडा छापलेला असतो. आता यूएसबी २.० चा पोर्ट प्रमाणकानुसार ५०० मिलिअँपिअर देतो आणि यूएसबी ३.० चा ९००. बहुतेक पोर्ट प्रत्यक्षात थोडी सवलत देतात म्हणूनच हे ड्राइव्ह चालतात, पण मार्जिन फार कमी. त्यात केबलचा वाटा वेगळा. तार बारीक किंवा लांब असेल, टोकाची पकड सैल असेल, तर रोध वाढतो. जाण्यायेण्याच्या तारेचा मिळून अर्धा ओहम रोध धरला आणि १ अँपिअर प्रवाह धरला, तर ५ व्होल्टपैकी अर्धा व्होल्ट वाटेतच संपतो आणि डिस्कपर्यंत साडेचारच पोचतात. तेवढ्याने डिस्कचं सर्किट बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकतं.

तेव्हा प्रश्न एवढाच उरला, की वीज नक्की कुठे कमी पडतेय. इथून पुढे मी एका वेळी एकच गोष्ट बदलली आणि दर वेळी १९२ चा आकडा पाहिला.

पॉवर सेव्हिंगच्या सेटिंग्ज आधी उरकल्या : यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (रिकाम्या यूएसबी उपकरणाला झोपवण्याची सोय) बंद केलं, डिस्क झोपवण्याची वेळ काढून टाकली, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबला वीज वाचवण्यासाठी बंद करण्याची मुभा काढून घेतली. फाइल उघडतानाचं तुटणं जवळजवळ थांबलं. अनेकजण इथेच समाधान मानतात, आणि मला वाटतं म्हणूनच ही तक्रार लोकांकडे पुन्हा पुन्हा उपटते. डिस्क झोपतच नसल्यामुळे उठण्याचा प्रसंग टळला होता एवढंच. मोठ्या कॉपीत ड्राइव्ह अजूनही तुटत होता आणि आकडा वाढत होता.

मग पोर्ट. डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचे पोर्ट मदरबोर्डशी आतल्या एका वायरने जोडलेले असतात, म्हणजे वाटेत आणखी एक जोड. मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावल्यावर तुटण्याचं प्रमाण कमी झालं, पण गेलं नाही. स्वतःची वीज नसलेला हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारं उपकरण) असता तर तो याच पायरीला बाजूला केला असता. तो एका पोर्टची वीज सगळ्यांना वाटून देतो आणि अशा ड्राइव्हला ती पुरत नाही.

राहता राहिली केबल. ड्राइव्हच्या बाजूचा तो रुंद, दोन भागांचा मायक्रो-बी प्लग सर्वांच्या ओळखीचा असेल. मोठ्या भागात पाच पिना, छोट्या भागात पाच. यूएसबी ३.० चा वाढीव वेग छोट्या भागातून येतो, वीज मात्र मोठ्या भागातूनच. उजेडाखाली धरून पाहिलं तर प्लग सॉकेटमध्ये किंचित तिरका बसत होता, आणि मोठ्या भागाचं पातळ पत्र्याचं आवरण एका बाजूला फाकलेलं होतं. कॉपी चालू ठेवून प्लग बोटाने हलकेच खालच्या बाजूला दाबला. लगेच 'टक्', दिवा गेला, ड्राइव्ह गेला. वरच्या बाजूला आधार देऊन धरला तेव्हा कॉपी अखंड चालली. शिवाय काही वेळा वेग सेकंदाला ३५-४० मेगाबाइटच्या वर जात नसे, त्याचाही खुलासा झाला. छोट्या भागाचा संपर्क सुटला की जोडणी यूएसबी २.० वर घसरते आणि तिचा प्रत्यक्षातला वेग साधारण एवढाच असतो. वेग असा विनाकारण उतरलेला दिसला तर प्लगकडे आवर्जून पाहावं.

नवी केबल घेताना आखूड आणि जाड घेतली. जोडल्यावर प्लग घट्ट बसला, हलवून सैल होत नव्हता. सॉकेटच सैल असतं तर केबल बदलून फरक पडला नसता, म्हणून ते तपासणं गरजेचं होतं. तीच मोठी कॉपी पुन्हा लावली, मुद्दाम पुढच्या पोर्टवरही लावून पाहिली. पूर्ण झाली. १९२ चा आकडा होता तिथेच राहिला. झोपेच्या सेटिंग्ज मी परत पूर्ववत केल्या. डिस्क झोपली, उठली, जोडणी कायम.

चेकडिस्क चालवलं ते यानंतर. आधी दुरुस्तीचा पर्याय न देता, म्हणजे नुसतं वाचून अहवाल देईल असं. किरकोळ विसंगती निघाल्या, त्या मग दुरुस्त करून घेतल्या. अर्धवट राहिलेले बॅकअप पुसून पूर्ण बॅकअप नव्याने घेतला, त्यातल्या वेगवेगळ्या फोल्डरमधल्या फाइल्स दुसऱ्या ठिकाणी परत आणून त्यांचे हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला तिचा ठसा) मूळ फाइल्सच्या हॅशशी ताडून पाहिले. नुसती फाइल उघडली म्हणजे ती अख्खी आली असं नसतं, म्हणून हे करतोच.

कुणाच्या ड्राइव्हचा १९२ चा आकडा तुटल्यावरही हलत नसेल, तर वीज सोडून केबलमधल्या डेटाच्या तारा, ब्रिज किंवा ड्रायव्हर यांच्याकडे वळावं. तोच ड्राइव्ह, तीच केबल दुसऱ्या संगणकाला लावून पाहिलं की ड्रायव्हरचा प्रश्न बराचसा सुटतो. साडेतीन इंची मोठ्या ड्राइव्हला स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर असतो, तिथे संशय आधी अडॅप्टरवर घ्यावा. आणि केस उघडून डिस्क थेट साटाला जोडण्याचा विचार असेल तर थांबा. बऱ्याच अडीच इंची एक्स्टर्नल ड्राइव्हमध्ये यूएसबीचं सॉकेट डिस्कच्या सर्किट बोर्डवरच पक्कं केलेलं असतं, आत साटाची जोडणी मिळतच नाही. काही केसमध्ये ब्रिज डेटा एन्क्रिप्ट करतो, आणि तिथून बाहेर काढलेली डिस्क दुसरीकडे वाचता येत नाही.